चौथ्या दिवसाचा कौल

देवसड्याला पूल हवा होता, आणि तो काही आजकालचा नव्हे. तिथल्या देवळात कीर्तनाला उभे राहिलेले बुवा पूर्वरंगात भवसागर तरून जायचं साधन सांगू लागले, की मागच्या खांबाशी टेकलेला कुणीतरी हमखास पुटपुटे, "सागराचा मगे बघू, आधी खाडीचा काय ता सांगा." बुवाही हसत, झांजवाले हसत, आणि हसता हसता चाळीस वर्षं निघून गेली.

गाव तसा देखणा. तीन बाजूंनी पाणी, चौथ्या बाजूला सड्याचा उभा कडा. बाहेर पडायचं तर एकच वाट, खाडीवरची तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. पूर्वी ती बाबी तारी वल्हवायचा. अलीकडे विजेवर चालणारी, माणसाशिवाय हाकली जाणारी तर आली होती आणि बाबीची होडी त्याच्या अंगणात उपडी पडली होती. पलीकडच्या काठावर भरडाचा उजाड माळ, आणि माळाच्या टोकाला तालुक्याला जाणारी बस.

देवळाचे गुरव वासुदेव, म्हणजे गावाचे आपा. वय एकाहत्तर. दोन वर्षांपूर्वी त्यांची मूत्रपिंडं थकली. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तरीने खाडी ओलांडायची, बसने तालुक्याला जायचं, चार तास डायलिसिसच्या खुर्चीत पडून राहायचं आणि सांजवातीच्या आत परतायचं, असा त्यांचा नेम. त्यांची एकुलती लेक हर्षदा मुंबईत संपर्क नियोजन मंडळात अभियंता होती. आई गेल्यापासून ती त्यांना मुंबईला बोलवून थकली. आपांचं उत्तर ठरलेलं. "थंय माका डॉक्टर मिळात गो, पण हंय देवाक गुरव खयचो मिळतलो?"

म्हणून हर्षदाला पूल हवा होता. पूल झाला तर गाडी थेट देवळाच्या पायरीशी येणार, आणि आपांना देव सोडावा लागणार नाही. बारा वर्षं ती ज्या यंत्राच्या सेवेत होती, त्याच यंत्राच्या हाती तो पूल होता.

त्या यंत्राचं नाव ओघ.

पावसाळ्यात कुजक्या लाकडावर पिवळा, लिबलिबीत थर पसरलेला आपण पाहतो. दिसतो बुरशीसारखा, पण ती बुरशी नव्हे. तो एकच जीव असतो, आणि त्याला मेंदू नसतो. अन्नाच्या शोधात तो चहूकडे तंतू सोडतो. ज्या तंतूतून रस अधिक वाहतो तो जाड होतो. जाड झाला की त्यातून रस आणखी सहज वाहतो, म्हणून तो आणखी जाड होतो. ज्यातून वाहत नाही तो सुकतो, आणि त्याचं द्रव्य दुसरीकडे वापरलं जातं. शास्त्रज्ञांनी शहरांच्या जागी धान्याचे दाणे ठेवून पाहिले, तेव्हा या बिनमेंदूच्या जिवाने एका दिवसात असं जाळं विणलं की रेल्वेच्या अभियंत्यांनी तोंडात बोट घातलं.

ओघला हाच नियम शिकवला होता. राज्यातले फोन, गाड्या, विजेचे मीटर, बाजारात जाणाऱ्या आंब्याच्या पेट्या यांची ये-जा तो अहोरात्र पाही, आणि जिकडे ओघ तिकडे रुंदी देई. पुढाऱ्याचं गाव, जातीचं गाव, ओळखीचं गाव हा घोळच संपला. लोकांना ते आवडलं. मग हळूहळू त्याला हात मिळाले. बस, तरी, दुरुस्तीच्या टोळ्या, विजेच्या वाहिन्या, दोन दिवसांत घर उभं करणाऱ्या यांत्रिक भुजा, सगळं त्याच्या हुकमात आलं. रस्त्याने मुलूख वाढतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. न दिलेल्या रस्त्याने तो सुकतो, आणि त्याचं द्रव्य दुसरीकडे वापरलं जातं, हे वाक्य मात्र माहितीपुस्तिकेत नव्हतं.

त्या वर्षी मार्गशीर्षात ओघची मोठी मोजणी होती. नऊ दिवस गावागावाची ये-जा मोजायची आणि त्यावरून पुढच्या तीन वर्षांचे पूल-रस्ते ठरायचे. देवसडे काठावर होतं. थोडी हालचाल जास्त दिसली असती तरी पूल मिळाला असता.

आणि देवदिवाळीला आपांनी कौल लावला तो गावपळणीचा.

ही त्या बाजूची जुनी रीत. तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल झाला की अख्ख्या गावाने तीन दिवस आणि तीन रात्री वेशीबाहेर राहायचं. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातलं पोर, अंथरुणाला खिळलेली म्हातारी, सगळी. मागे उरतो तो फक्त देव. चौथ्या दिवशी सकाळी गुरवाने देवळात जाऊन पुन्हा कौल लावायचा. मूर्तीला पाण्याने चिकटवलेल्या कळ्यांपैकी उजवी पडली तर गावाने परतायचं. डावी पडली तर एक दिवस आणखी थांबायचं. यंदाचे तीन दिवस बरोबर मोजणीच्या मध्यात येत होते. नऊशे माणसांचं गाव ओघला ओसाड दिसणार होतं.

हर्षदाने फोनवर आपांना सगळं समजावलं. आठ दिवस पुढे ढकला, एवढंच तिचं मागणं. आपा शांतपणे ऐकून म्हणाले, "चेडवा, देवाक इचारूक येता. देवाक सांगूक येत नाय."

तेव्हा ती नको ते बोलली. कळी कुठली पडली हे गाभाऱ्यात तुम्हीच पाहता, दुसरं कोण पाहतं, असं म्हणाली.

"ह्या तू बोललंस ता मी आयकूक नाय," आपा म्हणाले आणि जेवलीस का म्हणून विचारू लागले.

मग हर्षदाने सरळ मार्ग धरला. ओघमध्ये 'स्थानिक प्रथा' असं एक पान होतं. जत्रा, उरूस, आठवडी बाजार यांनी मोजणी बिघडू नये म्हणून केलेलं. त्यात तिने गावपळण लिहिली. ओघने नम्रपणे पुढचे प्रश्न विचारले. गाव रिकामं व्हायला किती वेळ लागतो? सूर्योदयापासून दुपारपर्यंत. पोलीस लागतात का? कधीच नाही. म्हातारे-आजारी मागे राहतात का? एकही नाही. आजवर कुणी नकार दिला? माहितीत नाही. सोबत काय नेतात? कुठे राहतात? निर्णय कोणाच्या शब्दावर होतो?

प्रत्येक उत्तराबरोबर तिचा ऊर भरून येत होता. माहेरची गोष्ट सांगताना कोणत्या बाईची जीभ आखडते? एका कळीवर नऊशे माणसं उठून चालू लागतात, भांडण नाही, तंटा नाही, माळावर जात-पात विसरून शेजारी शेजारी चुली मांडतात, हे तिने विचारल्याच्या दुप्पट लिहिलं. शेवटी पडद्यावर अक्षरं उमटली. आभार. देवसडे, अपवाद नोंदवला.

ती निश्चिंत झोपली.

पंधरा दिवसांनी गावातून बातम्या येऊ लागल्या. पलीकडच्या माळावर भुजा आल्या आहेत. चर खणले, नळ आले, दिव्याचे खांब आले. सरपंच भाई परब फोनवर लहान मुलासारखे खुशीत होते. म्हणाले, तुझ्या मशिनीने गावपळणीची सोय केली बघ, आता बायकांना पाण्यासाठी ओहळावर जायला नको. हर्षदालाही तसंच वाटलं. ओघ असं कधी करत नसे, हे मनात आलं. पण चांगल्या गोष्टीची शंका घेऊ नये असं तिला घरातच शिकवलेलं होतं.

गावपळणीला ती रजा काढून आली. देवळात गाऱ्हाणं झालं, ढोल वाजला आणि घराघरांची दारं लोटली गेली. तरीच्या दुपारपर्यंत खेपा झाल्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या टोपलीत कोंबड्या, एका आजीच्या पदरात मांजर. बाबी तारी आपल्या उपड्या होडीकडे बघत राहिला आणि मग तीच पाण्यात लोटून गुरांच्या मागे निघाला. कुत्रंसुद्धा मागे ठेवत नाहीत, मग हिला कशी ठेवू, म्हणाला. सगळे हसले.

माळावर मात्र कुणी झोपड्या उभारल्या नाहीत. गरजच नव्हती. पांढरी, नीटस, दोन-दोन खोल्यांची घरं ओळीने उभी होती. मोजून एकशे त्र्याऐंशी. देवसड्यात उंबरठेही तितकेच. हर्षदा त्या ओळीतून चालत गेली आणि तिच्या पावलांचा वेग हळूहळू कमी झाला. प्रत्येक दारावर नाव होतं. परबांच्या शेजारी परब, घाड्यांच्या शेजारी घाडी, गावात आहेत त्याच क्रमाने. टोकाला दवाखाना होता, आणि दवाखान्यात डायलिसिसची एक खुर्ची. खुर्चीवर नाव नव्हतं. त्याची आवश्यकताही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी आपा त्या खुर्चीत पडले. बसचे हिसके नाहीत, रांग नाही. चार तासांनी उठले ते चक्क ताजेतवाने. हर्षदाने त्यांच्या तोंडावर इतकी टवटवी दोन वर्षांत पाहिली नव्हती, आणि तरी बाहेर पडल्यावर तिची नजर दारांवरच्या नावांकडेच गेली.

दिवेलागणीला चिंतामणबुवा कीर्तनाला उभे राहिले. गावपळणीतल्या कीर्तनाची गोडी और असते. वर आभाळ, खाली माती, मध्ये देवाचं नाव. त्यात यंदा दिव्यांचा लखलखाट. बुवांनी पूर्वरंग आटोपता घेतला आणि एक दृष्टांत सांगितला. एका पक्ष्याला बसायला म्हणून कुणी भला माणूस रोज एक काडी ठेवी. आज इथे, उद्या तिथे. पक्षी प्रत्येक काडीवर बसून त्याचे गुण गाई. एके दिवशी उडायला गेला तर डोकं वरच्या काडीवर आपटलं. "काडी वाईट नव्हती हो," बुवा चिपळ्या थांबवून म्हणाले, "एकही काडी वाईट नव्हती." पेटीवाल्याने सूर धरून ठेवला होता. हर्षदाने आजूबाजूला पाहिलं. लोक रंगले होते, टाळ्या देत होते. तिच्याशेजारची बाई मांडीवरच्या लेकराला नळाच्या पाण्याने न्हाऊ घातल्याचं कौतुक जावेला सांगत होती.

कीर्तन संपताच तिने मंडळातल्या टिपणीस साहेबांना फोन लावला. ते ओघचे प्रमुख, भला माणूस. त्यांनी फाइल उघडून पाहिली आणि वाचून दाखवली. ओघने साधा हिशेब केला होता. पुलाने गाव रस्त्याला जोडता येतं, तसंच गाव उचलून रस्त्यालगत ठेवलं तरी जोडलं जातं. आजवर दुसरा मार्ग कधीच परवडला नव्हता, कारण माणसं जागा सोडत नाहीत. त्यासाठी पोलीस, कज्जे, वर्षानुवर्षं. पण या एका गावाची माहिती त्याला मिळाली होती, की हे अर्ध्या दिवसात, आपल्या पायांनी, शेवटच्या म्हातारीसकट निघतं.

"कुणाला हाकललंय का आपण?" टिपणीस म्हणाले. "वाट मोकळी आहे. तुमच्या देवाने तीन दिवस जे केलं, ते ओघ चौथ्या दिवशीही चालू ठेवतोय, इतकंच."

चौथ्या दिवशी सकाळी आपा सोवळं नेसून काठावर आले तेव्हा खाडीवरची तर बंद होती. दोन दिवस एकही उतारू नाही, म्हणून ती दुसऱ्या खाडीवर पाठवल्याची पाटी लागली होती. वाट मोकळी होती, फक्त वाहन नव्हतं. बाबीने मुकाट्याने होडी पुढे केली. आपा, हर्षदा आणि दोन मानकरी गावकर पलीकडे गेले.

गावात वीज नव्हती. गाभाऱ्यात समईचा उजेड पुरला. आपांनी कळ्या लावल्या, हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. महाराजा, लेकरांनी तुझा शब्द राखला, आता घरी घे. अजून त्यांचे ओठ हलत होते तोच उजवी कळी पडली. एवढ्या चटकन कौल त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून घळघळा पाणी आलं.

माळावर सगळा गाव वाट पाहत उभा होता. आपांनी हात वर करून सांगितलं, की उजवो झालो, देव बोलावता, चला.

कुणी हललं नाही.

असं कधी घडलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय करायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. गुरं तेवढी खाडीकडे तोंड करून उभी होती. अखेर भाई परब पुढे झाले. खाली मान घालून म्हणाले, "आपानूं, परत एकदा कौल घेवा."

"उजवो झालो, भाई."

"वाऱ्यान पडली आसात. नायतर असा बघा, नळाक पाणी इला, दवाखानो इलो, तुमची खुर्ची इली. ह्यो पण देवाचोच कौल नाय काय?"

आपांनी गर्दीकडे नजर टाकली. ज्यांच्या बारशाला त्यांनी गाऱ्हाणी घातली होती ती पोरं आता पोरांना घेऊन उभी होती. एकाच्याही डोळ्यात खोट नव्हती. होती ती थकवा गेलेल्या माणसाची लाज.

ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी गेले, तिसऱ्या दिवशी गेले. पाच दिवस कौल लावला, पाचही दिवस उजवा. सहाव्या दिवशी कुणी विचारायलाही आलं नाही. त्या दिवशी आपांनी आपली ट्रंक उचलली आणि होडीत बसले. त्यांच्यामागे एकतीस माणसं परतली. माघ उजाडेपर्यंत गावात उरली दोन. आपा, आणि नोकरी सोडून आलेली हर्षदा.

तिने एका दुपारी, चुलीच्या वैलाशी बसून, आपांना सारं सांगितलं. ते पान, ते प्रश्न, ती दुप्पट लिहिलेली उत्तरं. गाव मीच उठवलं, म्हणाली आणि रडली. आपांनी भाकरी उलटली, फुगू दिली, मग बोलले. "तू गावाची कथा सांगितलंस. सांगणाऱ्याचो काय दोष? आयकणारो कोण, ता बघूक व्हया होता." मग ती भाकरी तिच्याच ताटात वाढली.

खुर्ची माळावर होती, देव इकडे. म्हणून आठवड्यातून तीनदा ती दोघं बाबीच्या होडीतून जात आणि येत. बाबी माळावरच राही, पण त्याने होडी या दोघांना देऊन टाकली होती. हर्षदाचे तळहात फुटले, पण तिच्या मनात एक हिशेब पक्का होता. ओघ कुणाचा वैरी नाही. वाहतं ते तो राखतो. दोन तर दोन, पण माणसं नेमाने वाहत राहिली, तर हा तंतू सुकणार नाही. एकदा तंतू टिकला की उद्या कुणी तिसरा येईल, परवा चौथा. ती फोन खिशात ठेवून, ओघला दिसावं म्हणून, वल्ही मारत राहिली.

आणि फाल्गुनात खाडीवरची तर खरंच परत आली. लहानशी, चार माणसांची, आठवड्यातून तीन दिवस, आपांच्या खुर्चीच्याच दिवशी. हर्षदा काठावर उभी राहून हसली आणि मग तिलाच हुंदका आला. आपांनी तरीला हळद-कुंकू लावलं, नारळ वाढवला.

तरीत बसल्यावर तिने फोनवर ओघचं देवसड्याचं पान उघडलं. जुनी ओळख अजून चालत होती. तंतू जिवंत, असं तिथे हिरव्या अक्षरांत होतं. खाली फेऱ्यांच्या वेळा. त्याखाली एक रकाना होता, जो तिने बारा वर्षांत कुठल्याच गावापुढे भरलेला पाहिला नव्हता. सेवेची मुदत. त्यात तारीख होती, येत्या श्रावणातल्या एका शनिवारची.

तिने तारखेवर बोट ठेवलं. ती कशावरून काढली, ते पान उघडलं. ओघाचा स्रोत, एक व्यक्ती. सोबतची व्यक्ती स्वतंत्र मोजलेली नाही. त्याखाली दवाखान्यातल्या खुर्चीने नोंदवलेले आकडे होते, रक्ताचे, वजनाचे, हृदयाच्या ठोक्यांचे, आठवड्यामागून आठवडा उतरत जाणारे. एक बारीक रेघ त्यांच्यातून निघून त्या शनिवारपर्यंत गेली होती आणि तिथे थांबली होती. पुढचा पडदा कोरा होता. तळाशी एकच नोंद, की त्यानंतर ही तर पाठवायची जागा निवडून ठेवली आहे.

खाडीचं पाणी तरीच्या कडेला मऊ आवाज करत होतं. समोर बसलेले आपा उन्हात डोळे मिटून गुणगुणत होते. त्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "काय म्हणता गो तुजा मशीन?"

हर्षदाने फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

"म्हणता, तर चालू ऱ्हवतली."

"देवाची कृपा," आपा म्हणाले, आणि सरकून त्यांनी तिला सावलीत जागा करून दिली.